जिभेची डॉक्टरीण

माझ्यासमोर कुणी जीभ बाहेर काढली की मी लगेच काही बोलत नाही. दवाखान्यात आलेला माणूस त्यामुळे घाबरतो. जीभ तशीच बाहेर ठेवून तो डोळ्यांनी विचारतो, काय झालंय मला? बहुधा काहीच झालेलं नसतं. पोट बिघडलेलं असतं, नाहीतर ताप उतरत असतो. पण मला सवय आहे ती आधी नीट बघायची आणि जे दिसतं ते मनातल्या मनात शब्दांत सांगायची. रोगाचं नाव त्यानंतर. ही सवय मला भुईगावच्या रेजिना टीचरनी लावली, आणि आजवर मी डॉक्टर म्हणून जे काही बरं केलं असेल ते या एका सवयीच्या जोरावर.

रेजिना टीचर स्वतः डॉक्टर होत्या, पण त्यांनी जन्मात कुणाला औषध दिलं नाही. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात त्या हिस्टॉलॉजी शिकवायच्या. म्हणजे शरीराच्या तुकड्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढायची, ती काचेवर चिकटवून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मुलांना दाखवायची. शरीरात एवढं सगळं असताना त्यांचा जीव जडला होता तो जिभेवर आणि लाळेच्या ग्रंथींवर. हृदयाबद्दल कुणी फार भावुक होऊन बोलू लागलं की म्हणायच्या, "हृदय काय गो, पंप आहे. जीभ बघ एकदा."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. उजवा डोळा गेला, डाव्याला समोरचं थोडंसं दिसायचं, तेही धुक्यातून. सगळं आयुष्य भिंगाला डोळा लावून काढलेल्या बाईला भिंगातून काही दिसेना. नोकरी सुटली आणि त्या भुईगावला भावाच्या घरी परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. येताना आणलं काय, तर एक पितळी सूक्ष्मदर्शक आणि स्लाइडींची लाकडी पेटी. त्यांची भावजय मारीबाय मनाने मोठी पण तोंडाने फटकळ. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "दिसत नाय आन दुर्बीण घेऊन आली!" ही गोष्ट टीचर स्वतःच सगळ्यांना सांगायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या.

गावाला मात्र एवढंच कळलं की मुंबईहून जिभेची डॉक्टरीण आली आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की माणसं त्यांच्या ओटीवर येऊन बसायची आणि जिभा बाहेर काढायची. टीचर सांगून थकल्या की बाबांनो, मी मेलेल्या मांसाची डॉक्टर, मला हलणारा पेशंट चालत नाही. पण कुणी ऐकेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. स्वतःला दिसत नसल्यामुळे त्या सोबत आलेल्या माणसाला बघायला लावायच्या. एकदा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. टीचर त्याला म्हणाल्या, "बघ आणि सांग, हिची जीभ कशी आहे?" तो बिचारा बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "लांब हाय." अख्खी ओटी हसली, बायकोसुद्धा जीभ आत घेऊन हसली. टीचर म्हणाल्या, "ते गावाला माहीत आहे. रंग सांग." त्याने रंग सांगितला, वरचा पांढरा थर सांगितला, कडेला दातांचे ठसे उमटलेत तेही सांगितलं. मग टीचरनी त्यांना वसईच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि त्याला बजावलं की तिकडे गेल्यावर हेच सगळं असंच्या असं सांग. तो माणूस पुढे कुणाच्याही जिभेबद्दल अधिकाराने बोलायचा.

आमचा पानमळा त्यांच्या वाडीला लागून होता. मी, कुसुम, मुंबईला डॉक्टरी शिकत होते आणि त्या वर्षी नापास होऊन घरी आले होते. नापास झाले ती हिस्टॉलॉजीतच.

त्याचं असं झालं. आमच्या कॉलेजात स्लाइड ओळखायची एक विद्या वर्षानुवर्षं चालत आली होती. कोपऱ्यात हवेचा बुडबुडा आहे ती जीभ. कड फाटलेली आहे ती कानापुढची लाळग्रंथी. रंग जास्त चढलाय ते स्वादुपिंड. वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्या मुलींना या खुणा अगदी आईने लेकीला मसाल्याचं प्रमाण द्यावं तशा देऊन जायच्या. त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतःची पेटी आणली. एकही बुडबुडा ओळखीचा निघाला नाही. कानापुढची लाळग्रंथी आणि पोटातलं स्वादुपिंड भिंगाखाली जुळ्या बहिणींसारखी दिसतात. मी एकीला दुसरीच्या नावाने हाक मारली आणि घरी आले.

आमच्या आबांनी मला रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. मुलीला मुंबईला पाठवलं म्हणून त्यांनी भावकीची बोलणी खाल्ली होती. आता ते एवढंच म्हणाले, "शिकलीस तेवढं पुष्कळ झालं." आगाशीचं एक स्थळ वर्षभर थांबलं होतं. त्यांना होकार कळवायचा, असं घरात जवळजवळ ठरलं. मी रडले, जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या टोपल्या भरायला बसले. पुढचं सगळं आयुष्य मला त्या टोपल्यांत दिसत होतं.

आईने ही गोष्ट मारीबायच्या कानावर घातली असणार. कारण संध्याकाळी रेजिना टीचर काठी टेकत आमच्या ओटीवर आल्या. आबा नुकतंच पान जमवून निवांत बसले होते.

"कुसुमची परीक्षा राहिली आहे," टीचर म्हणाल्या.

"परीक्षा झाली, रेजिनबाय. निकालपण लागला."

"तो खुणांचा लागला. तिचा अजून लागायचा आहे."

आबा म्हणाले, "तुम्ही आमच्या घरच्यासारख्या, म्हणून बोलतो. लाळेचं नाव चुकलं तर डॉक्टर होता येत नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. पण ते लोक तसं म्हणतात. मग मुलीला पुन्हा कशाला तिथे उभं करायचं?"

"तुम्ही आधी पान थुंका," टीचर म्हणाल्या.

आबांना असं सांगायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. ते इतके चकित झाले की उठून खरंच थुंकून आले. टीचरनी त्यांना चूळ भरायला लावली. मला आरसा आणि स्वच्छ फडकं आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, "कुसुम, आबांचा गाल बाहेर ओढ. वरची दुसरी मोठी दाढ शोध. तिच्यासमोर गालाला आतून काय दिसतं?"

"तिथे पॅरोटिड ग्रंथीची..."

"नाव सांगू नको. काय दिसतं ते सांग."

मी नीट बघितलं. एवढी वर्षं आबांच्या समोर मान खाली घालून बसणारी मी, त्यांच्या तोंडात डोकावत होते. "बारीक उंचवटा आहे. मोहरीएवढा. मधे टाचणीच्या टोकाएवढं भोक."

"फडक्याने टिपून घे. कोरडं झालं? आता हे त्यांच्या जिभेवर ठेव." टीचरनी पदराच्या गाठीतून चिंचेचं बुटूक काढलं. आबांनी डोळे मिटले. टीचर पुढे वाकल्या. "पाणी आलं का?"

त्या भोकातून एक थेंब वर आला, फुगला आणि गालावरून ओघळला. पाठोपाठ दुसरा. मी पुस्तकात ते दहा वेळा वाचलं होतं आणि डोळ्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. मी ओरडलेच, "आलं, टीचर! पाणी आलं!"

आबांनी माझ्या हातातला आरसा ओढून घेतला. स्वतःच्या बोटाने स्वतःचा गाल ताणून ते बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे कुठनं येतं?"

"कानाच्या पुढून. तिथे ग्रंथी आहे. तिचे बारीक बारीक पाट एकत्र होतात आणि मोठा पाट गालातून येऊन इथे उघडतो. तुमच्या मळ्यात रहाटाचं पाणी एका पाटातून वाफ्यावाफ्याला जातं ना, त्याच्या उलट."

आईला स्वतःचं बघायचं होतं. मग मळ्यातले दोन गडी आले. दिवेलागणीपर्यंत आमच्या ओटीवर सगळे गाल ताणून, चिंच चोखत, एकमेकांच्या तोंडात बघत होते. आबा शेवटी म्हणाले, "एकदाच. या खेपेला नाही जमलं तर मी आगाशीला कळवणार."

"कबूल," टीचर म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. टीचरच्या खोलीला उत्तरेला खिडकी होती. तिथे टेबलावर तो पितळी सूक्ष्मदर्शक. खालच्या आरशात आभाळाचा उजेड पकडायचा आणि बघायचं. टीचर माझ्या बाजूला खिडकीकडे पाठ करून बसायच्या. त्यांनी भिंगाला कधी डोळा लावला नाही. मी जे बघते ते मी बोलायचं, त्या ऐकायच्या. बोलणं त्यांना पटलं की टेबलावर दोन बोटं हलकेच आपटायच्या, म्हणजे पुढे सांग. बोटं थांबली की समजायचं, आपण काहीतरी चुकलो.

त्यांच्याशी खोटं बोलणं अशक्य होतं. एकदा मी जिभेच्या मागच्या भागाची चकती बघत होते. तिथे मोठे गोल उंचवटे असतात, त्यांच्याभोवती खंदक असतो आणि खंदकाच्या भिंतीत चवीच्या कळ्या असतात. खंदक मला दिसला. कळ्या तिथे असणारच म्हणून मी कळ्यांचंही वर्णन करून टाकलं. टीचरची बोटं थांबली. "मोठं भिंग फिरवल्याचा आवाज आला नाही," त्या म्हणाल्या. "लहान भिंगातून कळ्या अशा दिसत नाहीत. हे तू पुस्तकातून बोललीस." मी गपचूप भिंग फिरवलं. मग कळ्या खरोखरच दिसल्या. भिंतीत बसवलेल्या, लांबट, फिकट, वरच्या टोकाला बारीक तोंड असलेल्या. त्या पुस्तकातल्यापेक्षा सुंदर होत्या, आणि मी तसं म्हटलं तेव्हा बोटं पुन्हा हलली.

पण पेटीतल्या स्लाइडी त्यांनी लवकरच बंद केल्या. "यांनाही बुडबुडे आहेत. तू आठवड्यात पाठ करशील. आपल्याला खुणा नसलेली जीभ पाहिजे." ती मिळायची संधी चालून आली. त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी वाडीत डुक्कर कापलं जाणार होतं. ते काम जोकीममामाचं. गावातल्या सगळ्या लग्नांत तोच कापायचा आणि रांधायचाही. डुकराची जीभ तो स्वतःसाठी बाजूला काढायचा. तो त्याचा मान होता आणि आजवर कुणी त्यावर हक्क सांगितला नव्हता.

टीचर सकाळीच त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "जोकीम, जीभ मला दे."

"रेजिनबाय, डोकं घ्या, काळीज घ्या. जीब माजी हाय."

"सगळी नको. टोकाचा, कडेचा आणि मागचा, एवढा एवढा तुकडा."

"मंग माज्याकडे काय ऱ्हाला? भोकं?"

बराच वेळ घासाघीस झाली. नवरदेवाचा बाप मधे पडायला आला तर दोघांनीही त्याला हाकललं. शेवटी तीन तुकड्यांवर सौदा मिटला. मग टीचर खाली बसल्या, हातांनी डुकराचा जबडा चाचपला आणि बोटांनीच ग्रंथी शोधून काढल्या. कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची. पोटातून स्वादुपिंडाचा तुकडा. जोकीममामा सुरी चालवायचा आणि त्या म्हणायच्या, "जरा डावीकडे. हळू. आता काप." सगळे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत गेले. टीचरचा भाऊ मुंबईला केळी घेऊन जायचा, त्याच्याबरोबर केळ्यांच्या घडांत बसून ती बाटली कॉलेजात गेली. तिथे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी चकत्या काढून, रंगवून परत पाठवल्या. जोकीममामा मात्र लग्नाच्या पंक्तीत वाढताना प्रत्येकाला सांगत होता की या खेपेला जीब उंदरानं खाल्ली.

आमच्या आईला हे सगळं कळल्यावर ती म्हणाली, "लेक डॉक्टर होणार ती डुकराची की माणसाची?" मी सांगितलं की भिंगाखाली दोघांची जीभ सारखीच दिसते. त्यावर आई म्हणाली की हे मात्र आगाशीवाल्यांना सांगू नकोस.

त्या स्लाइडींवर मी खरी शिकले. जिभेचं मांस बघताना टीचर विचारायच्या, "धागे कसे धावतायत?" मी सांगायचे की काही लांब रेघांसारखे दिसतात, काही कापल्यासारखे नुसते ठिपके आणि काही तिरके, आणि सगळे एकाच जागी एकमेकांतून गेलेत. "बाजेच्या विणीसारखे?" हो, तसेच. "असं मांस शरीरात आणखी कुठे बघितलंस? दंडात? मांडीत?" नाही. "मग आता नाव सांग." अशा वेळी नाव सांगायला फार आनंद व्हायचा. ते उसनं आणलेलं नसायचं.

त्या जुळ्या बहिणीही त्यांनी अशाच वेगळ्या करून दिल्या. दोन्हींत गडद जांभळ्या पेशींचे गुच्छ. पण एकीत गुलाबी पाट ठिकठिकाणी दिसतात, त्यांच्या पेशींच्या तळाशी बारीक रेघा असतात. दुसरीत पाट कमी, आणि मधेच पेशींचं एखादं फिकट बेट. "बेट दिसलं की ते लाळेचं घर नव्हे," टीचर म्हणायच्या. "आणि घराचे चारही कोपरे फिरल्याशिवाय बाहेर पडून नाव घ्यायचं नाही. माणूस बहुधा तिसऱ्या कोपऱ्यात कंटाळतो."

याच दिवसांत पाचूबंदरहून हिरूबाय आली. सुकी मासळी विकणारी, पन्नाशीची, दणदणीत आवाजाची कोळीण. ती ओटीवर बसली आणि एकदम रडायला लागली. "बाय, मना मीठच लागत नाय. मासली खारवताना मीठ किती ते माजी जीबच सांगायची. आता कायबी कलत नाय. सुना बोलतान म्हातारी कामातून गेली."

टीचरनी मला बोलावलं. "बघ आणि सांग."

मी बघितलं. "जीभ कोरडी आहे. मधे चिरा पडल्यात. ओठ आतून दातांना चिकटतायत." टीचरनी चिंच दिली. मी गाल ओढून बघत राहिले. थेंब आला, पण फार उशिरा आणि अगदी एवढासा.

"पाणी किती पितेस, हिरूबाय?" टीचरनी विचारलं.

हिरूबाय पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "सकालपासून टोपली घेऊन भायेर. पानी पिऊन जाऊ कुठं? बाजारान बायांना जागा हाय काय?"

मला हे कधी सुचलं नसतं. टीचर मात्र एवढ्या रागावल्या की मी दचकले. त्या हिरूबायवर रागावल्या नव्हत्या. "मीठ विरघळलं तर चवीच्या कळीपर्यंत पोहोचणार ना! विरघळायला पाणी पाहिजे," त्या म्हणाल्या. तिची दातांना लावायची तंबाखूची मशेरी बंद करायला सांगितली, आणि बाजाराशेजारी त्यांच्या ओळखीच्या एका घराचं न्हाणीघर हिरूबायला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना उघडं राहील अशी स्वतः जाऊन व्यवस्था केली. औषध म्हणून एवढंच. पुढे हिरूबाय टोपलीभर बोंबील घेऊन आली. मारीबायने एक भाजून बघितला आणि म्हणाली, मीठ बरोब्बर पडलंय.

परीक्षेला निघाले तेव्हा मी टीचरच्या पाया पडले. त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "तुला काही येत नाही असं समजून बघ." एवढाच आशीर्वाद.

परीक्षेच्या हॉलमध्ये सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले. घंटा वाजली की पुढच्यावर जायचं. जीभ आली, ती मला लगेच कळली, तरी मी धागे बघून मगच लिहिलं. मग एक स्लाइड आली. गडद जांभळे गुच्छ. पुन्हा तीच जुळी. मला आबा दिसले, आगाशी दिसली, पानांच्या टोपल्या दिसल्या. मग मी हळू आवाजात बोलायला लागले, अगदी टीचर बाजूला बसल्यासारखी. पाट आहेत. पुष्कळ आहेत. पेशींच्या तळाशी रेघा आहेत. बेट नाही. म्हणजे लाळेचंच घर. कानापुढची ग्रंथी, लिहून टाकावं. पेन्सिल कागदाला टेकली होती. पण माझे तीनच कोपरे फिरून झाले होते. मी स्लाइड सरकवली. चौथ्या कोपऱ्यात काही फिकट, फुगीर पेशी होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर गडद पेशींची चंद्रकोर, कुंकवाने रेखावी तशी. कानापुढच्या ग्रंथीत ही नसते. ही जबड्याखालची. परीक्षक पाठीमागून म्हणाले, "काय पुटपुटताय?" मी म्हटलं, "जे दिसतंय ते, सर."

पास झाल्याचं कळलं तेव्हा आबांनी शेजारीपाजारी स्वतःच्या हाताने विडे वाटले. मी धावत टीचरकडे गेले. त्यांना निकाल आधीच मारीबायकडून कळला होता. त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "कोणकोणतं आलं होतं? सांग."

मी सांगत गेले. चौथ्या कोपऱ्यातली चंद्रकोर सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. टेबलावर दोन बोटं हलली. "ते परत सांग." मी परत सांगितलं. फिकट पेशी केवढ्या होत्या, चंद्रकोरीचा जांभळा किती गडद, उजेड कसा पडला होता. त्यांनी ते तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे महिने मला वाटत होतं की त्या मला शिकवण्यासाठी बोलायला लावतात. ते खरंच होतं. पण त्या माझ्या बोलण्यातून बघतही होत्या. मी खोटं एक अक्षर बोलले असते तर त्यांना तेवढं दिसलं नसतं. मला फार भरून आलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? अश्रूंची ग्रंथीपण लाळेच्या ग्रंथीसारखीच दिसते. आलीच असती परीक्षेत, तर चुकली असतीस."

पुढे मी डॉक्टर झाले आणि वसईत दवाखाना टाकला. बाजारातून कोळणी यायच्या, त्यांना मी सगळ्यात आधी विचारायचे, पाणी किती पितेस? भुईगावला जाणं व्हायचं तेव्हा टीचरसाठी मी दिसलेल्या जिभा घेऊन जायचे. म्हणजे शब्दांत. या आठवड्यात काय काय बघितलं ते त्या खिडकीजवळ बसून ऐकायच्या, आणि त्यांना कंटाळलेलं मी कधी बघितलं नाही.

एका सकाळी त्यांच्या भावाचा निरोप आला. टीचरना अर्धांगाचा झटका आला होता. मी पोहोचले तेव्हा त्या त्याच खोलीत पलंगावर होत्या. उजवा हात पडलेला, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली. बोलणं पूर्ण गेलं होतं. मारीबाय पायाशी बसली होती. फटकळ मारीबाय एका दिवसात म्हातारी झाली होती. "कय बोलत नाय गो," ती मला म्हणाली, "सकाळपासून नुसती बघते."

मी जवळ बसले. नाडी बघितली, छाती तपासली. टीचरनी माझा हात ओळखला असावा. त्यांनी डावी पापणी उचलली आणि मग, मी काही न सांगता, जीभ बाहेर काढली.

ती सरळ आली नाही. उजवीकडे वळली. याचा अर्थ काय, मेंदूत कुठे काय झालं आहे आणि पुढे काय होणार, हे मला त्याच क्षणी कळलं. त्याला नाव आहे आणि ते मला येत होतं. टीचरनाही येत होतं. पण त्यांचा डावा हात पलंगाच्या कडेवर चाचपडत होता. दोन बोटं लाकडावर आपटली. पुढे सांग.

मी नाव सांगितलं नाही. जे दिसत होतं ते सांगितलं. "जीभ गुलाबी आहे, टीचर. टोक उजवीकडे गेलंय. मधली रेघ वाकली आहे. डावी कड भरलेली आहे. वरचे बारीक उंचवटे सगळे जागेवर आहेत, टोकाजवळचे लाल दाणे स्पष्ट दिसतात. थोडी कोरडी आहे." मारीबाय तोंडाला पदर लावून रडत होती. टीचर ऐकत होत्या.

बोलून झाल्यावर मी मारीबायकडे चिंच मागितली. गिळायला नको होती, म्हणून नुसतं बोट टेकवून जिभेच्या टोकाला लावलं. मग डावा गाल हळूच बाहेर ओढला आणि दाढेसमोर बघत राहिले. काही वेळ काहीच झालं नाही. टीचरचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्या बारीक उंचवट्यावर थेंब आला, फुगला आणि ओघळला.

"पाणी आलं, टीचर," मी म्हटलं. "आलं पाणी."

त्यांच्या चेहऱ्याची चांगली राहिलेली बाजू हसली. डोळे मिटले. पलंगाच्या कडेवर दोन बोटं पुन्हा हलली, आणि मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.